वाढत्या मापाचं धनुष्य

केशवराव खांबेट्यांची उंची पाच फूट तीन इंच आणि मिशी, दोन्ही टोकं धरून, साडेपाच इंच. देवाने उंचीत जे कापलं ते मिशीत भरून दिलं, असं लोणावळ्यात म्हणत. दिवसा ते नगरपालिकेच्या पाणी खात्यात हेडक्लार्क असत आणि संध्याकाळी भांगरवाडी व्यायाम मंडळाचे सचिव. व्यायाम म्हणाल तर त्यांनी जन्मात फायलींशिवाय काही उचललं नव्हतं, पण सभेचं इतिवृत्त लिहावं ते त्यांनीच. अकरा वर्षांत सभेत कोणी शिंकलं तरी त्याची नोंद व्हायची राहिली नव्हती. ह्या सचोटीनेच पुढे त्यांचा घात केला.

झालं असं, की शहात्तर सालच्या दसऱ्याला वडगावला तालुक्याचा क्रीडा मेळावा भरला आणि तळेगावच्या मंडळाने तिरंदाजीची ढाल सलग सहाव्यांदा नेली. नेणारच, कारण दुसऱ्या कुणाकडे धनुष्यच नव्हतं. त्या मंडळाचे पुढारी महिपती हे आंबी गावचे, शेती सांभाळून कारखान्यात सुपरवायझर झालेले. आवाज असा, की मेळाव्यात लाउडस्पीकर बिघडला तर आधी त्यांना बोलावत. ढाल काखोटीला मारून ते लोणावळेकरांच्या कनातीत आले.

"काय सेक्रेटरी," ते म्हणाले, "तुमच्या मंडळात बाण मारनारा येक बी न्हाई व्हय? मग फुडल्या साली तुमीच या की. मिशी तर लय झोकात हाय."

खांबेटे एरवी शांत माणूस. नळाला पाणी आलं नाही म्हणून लोक त्यांना रोज तोंडावर बोलत आणि ते ऐकून घेत. पण मिशीवर कोणी बोललं नव्हतं. त्यांनी हातातलं भजं बशीत ठेवलं, उभे राहिले आणि सगळ्यांसमक्ष जाहीर केलं, की पुढच्या दसऱ्याला बाण मी स्वतः मारीन आणि ढाल लोणावळ्याला नेईन, नाही तर ही मिशी उतरवीन. टाळ्या पडल्या. उरलेलं भजं कोणीतरी तेवढ्यात खाऊन टाकलं.

घरी येईतो राग निवला होता. लोकही विसरून गेले असते. पण सोमवारी खांबेटे इतिवृत्त लिहायला बसले आणि त्यांची लेखणी खोटं लिहीना. ठराव क्रमांक सात म्हणून ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरलं. खाली सूचक म्हणून त्यांचं नाव आणि अनुमोदक म्हणून 'सर्व सभा'. त्यांच्या पत्नी शालनबाईंनी ते वाचलं, वही मिटली आणि त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, निदान पेन्सिलीने तरी लिहायचं."

शालनबाईंचा धाकटा भाऊ मुकुंद अमेरिकेत मिशिगनला होता. त्याला कुणीतरी, म्हणजे शालनबाईंनीच, हे कळवलं. त्याने उलट टपाली एक रंगीत कॅटलॉग आणि एक छापील फॉर्म पाठवला. इकडे हल्ली नव्या तऱ्हेचं धनुष्य निघालंय, त्याने लिहिलं होतं, दोन्ही टोकांना कप्प्या असतात, तारा असतात, आणि नवशिक्याचाही नेम लागतो. माझ्याकडून भावजींना दसऱ्याची भेट. मात्र फॉर्म नीट भरा. हे धनुष्य बुटासारखं असतं, एकाचं दुसऱ्याला होत नाही.

शेवटचं वाक्य खांबेट्यांनी तांबड्या शाईने अधोरेखित केलं आणि मग, आपल्याकडे अधोरेखित वाक्यांचं जे होतं, तेच त्याचंही झालं.

फॉर्ममध्ये पाच रकाने होते. डिक्शनरी घेऊन खांबेटे चार संध्याकाळ त्यावर बसले. पहिला रकाना ओढीच्या लांबीचा. म्हणजे दोरी मागे ओढली, की हात कुठवर जातो. साध्या धनुष्यात हवी तेवढी ओढावी, पण ह्या कप्प्यांच्या धनुष्यात ती लांबी कारखान्यातच ठरते. तिथवर ओढलीत तरच धनुष्य खूश. काढण्याची रीत सोपी होती. दोन्ही हात आडवे ताणायचे, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत मोजायचं आणि अडीचने भागायचं.

मोजायचं म्हटल्यावर सीताराम शिंप्याला बोलावणं आलं. त्याने टेप लावला. त्रेसष्ट इंच. पण सीतारामने वहीत पासष्ट मांडले, कारण शिलाईत दोन इंच जातात आणि हा नियम तो मुंजीच्या सदऱ्यापासून कोटापर्यंत कशालाच मोडत नसे. मग शालनबाईंनी वही बघितली. त्या घरात आजवर कुठलीही वस्तू नेमक्या मापाची आली नव्हती. चप्पल एक नंबर मोठी, स्वेटर दोन बोटं सैल, खुद्द खांबेटे लग्नात ज्या कोटात उभे होते तो त्यांना अजून व्हायचा होता. "परदेशी वस्तू, पुन्हा बदलून थोडीच मिळणार," त्या म्हणाल्या. "वाढत्या मापाचं असू दे. अडुसष्ट लिहा."

"अगं, मी पंचेचाळीस वर्षांचा आहे. आता काय वाढणार?"

"आटलं तर? आपल्याकडची हवा बघा."

शेजारच्या हौशीरामला हे भिंतीपलीकडे ऐकू आलं. हौशीराम रेल्वेत फिटर. घाट चढणाऱ्या गाडीला मागून जी जादा इंजिनं लावतात, ज्यांना बँकर म्हणतात, त्यांची देखभाल त्याच्याकडे. त्यामुळे यंत्र म्हटलं की तो आमंत्रणाची वाट बघत नसे. तो येऊन म्हणाला, की रेल्वेत कुठल्याही मापाला क्लिअरन्स सोडावाच लागतो, नाही तर बोगद्यात डबा घासतो. अडुसष्टचे सत्तर झाले. शेवटी फॉर्मवर आकडा लिहिताना खुद्द खांबेट्यांच्या अंगातला हेडक्लार्क जागा झाला. पाण्याचे पाइप मागवताना शंभर हवे असले, की ते एकशे दहा लिहीत, कारण वरच्या कचेरीत काट मारायला दहा लागतातच. मिशिगनलाही कोणी वरचा असेलच, असा विचार करून त्यांनी साडेबाहत्तर लिहिले. भागिले अडीच, बरोबर एकोणतीस इंच. हिशेब इतका सुबक सुटला, की तो चुकीचा असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. खऱ्या मापाने पंचवीसच्या वर दोन सूतही जाऊ नयेत, हे कॅटलॉगातल्या तक्त्यात स्वच्छ छापलं होतं.

दुसरा रकाना ओढीच्या जोराचा. तो पौंडात. धनुष्याचं वजन वेगळं आणि दोरी ओढायला लागणारा जोर वेगळा, हे कळायला एक संध्याकाळ गेली. खांबेट्यांच्या अंगकाठीला कॅटलॉग पस्तीस पौंड सुचवत होता. पण खाली एक आलेख होता. त्यावरून दिसे, की ह्या धनुष्याची दोरी सुरुवातीला जड लागते, कप्पी फिरली की जोर एकदम निम्म्यावर येतो, आणि नेम धरून उभं राहताना हातावर अर्धाच भार असतो.

"म्हणजे आमच्या केबिनमधला सिग्नलचा दांडा," हौशीराम म्हणाला. "आधी जीव काढतो, मग आपसूक पडतो. केशवराव, साठ लिहा. साठ म्हणजे खरे तीसच. तुम्ही हसत हसत धराल."

ह्या युक्तिवादात एक खिंड होती. साठचे तीस होण्याआधी साठ ओढावे लागतात. घाट चढल्याशिवाय खंडाळ्याचं स्टेशन दिसत नाही, आणि हे त्या भागात राहणाऱ्या माणसाला कोणी सांगायला नको. पण साठ म्हणजे तीस हे गणित खांबेट्यांना मनापासून आवडलं होतं.

पुढचे रकाने पटापट सुटले. एका कप्पीच्या धुरेपासून दुसऱ्या कप्पीच्या धुरेपर्यंत धनुष्याची उंची किती हवी, तर शालनबाईंनी माळ्याची खोली मोजून अठ्ठेचाळीस इंच सांगितली, कारण दसरा झाला की ते तिथेच जायचं होतं. दोरी मुठीपासून किती दूर असावी, ह्यावर कुणालाच मत नव्हतं, तेव्हा 'योग्य वाटेल तितकी' असं लिहिलं. उजवं की डावं, हा प्रश्न मात्र अवघड निघाला. हातावर न जाता डोळ्यावर जा, असं कॅटलॉग म्हणत होता. दोन्ही हातांचं भोक करून लांबची वस्तू बघायची, एकेक डोळा मिटायचा, ज्या डोळ्याला ती दिसत राहील तो तुमचा खरा डोळा. खांबेट्यांनी गच्चीतून नागफणीचा सुळका बघितला. खरा डोळा डावा निघाला. शालनबाई म्हणाल्या, "शुभकार्याला डावं नको," आणि उजव्यावर खूण झाली.

धनुष्य ऑगस्टात मुंबईला पोचलं आणि तिथल्या परदेशी पार्सलांच्या एका कचेरीत अडकलं. खांबेटे रजा टाकून गेले. तिथे टेबलावर ते उघडून ठेवलेलं होतं आणि भोवती पाच माणसं उभी होती. शस्त्र म्हणावं तर परवाना हवा, यंत्र म्हणावं तर आयातीचा कागद हवा, खेळणं म्हणावं तर वयाची अट. चाकं असल्यामुळे एकाने वाहन सुचवलं. शेवटी साहेब उठले, कोट काढला आणि त्यांनी स्वतः दोरी ओढून बघितली. ती चार बोटं आली आणि थांबली. शिपायानेही बघितली. मग साहेबांनी शेरा मारला, की सदर वस्तू कोणासही चालवता येत नसल्याने शस्त्र ठरत नाही, सोडावी. त्या शेऱ्याकडे खांबेट्यांनी तेव्हा नीट लक्ष द्यायला हवं होतं. जोर दहा पौंडांनी उतरवायची एक काटकोनी किल्ली सोबत होती, तीही तेव्हाच हाती दिली असती तर बरं झालं असतं. पण ती सुटा भाग म्हणून वेगळी नोंदली गेली, तिला निराळा फॉर्म लागला, आणि ती संक्रांतीला टपालाने आली.

धनुष्य घरी आल्याची बातमी खांबेट्यांच्या आधी गल्लीत पोचली. बंबाला लाकडं टाकणारा बारकू मोळी उतरवून ते बघायला थांबला. बारकू वरच्या वाडीतला, आणि तीरकमठा त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांचा. त्याने खाली वाकून दोन्ही कप्प्या बोटाने फिरवल्या.

"चाकं झाक हायेत," तो म्हणाला. "बैल कुटं जुपायचा, भाऊ?"

खांबेट्यांनी हसून सोडून दिलं. अज्ञानावर रागावू नये, असा त्यांचा स्वभाव होता.

रविवारी सकाळी मागच्या अंगणात मुहूर्त झाला. खांबेट्यांनी धनुष्य डाव्या हातात धरलं, दोरीला बोटं लावली आणि ओढलं. दोरी कचेरीतल्या साहेबांकडे जेवढी आली होती, त्याहून अर्धं बोट कमी आली. मग सल्ले आले. समोरच्या भामाबाईंनी आधी पोटभर खाऊन घ्यायला सांगितलं. सीतारामने बोटांना एरंडेल लावायला सांगितलं. उताणं निजून पायाने रेटायचाही प्रयोग झाला, पण त्यात सचिवांचा लेंगा कप्पीत गेला आणि तो प्रयोग बंद पडला.

"घाट आहे, घाट," हौशीराम म्हणाला. "इथे एका इंजिनाचं काम नाही. बँकर लावावा लागतो."

बँकर लागला. सीताराम पुढून धनुष्य धरून उभा राहिला, हौशीराम खांबेट्यांच्या मागे जाऊन त्यांचं कोपर ओढू लागला, आणि खांबेटे मधे होते. बाण लावलेला नव्हता. आधी ओढ तर जमू दे, असं ठरलं होतं. तिघांचे चेहरे लाल झाले, कप्प्या कुरकुरल्या, आणि मग काय झालं कोण जाणे, कप्पी उलटली आणि दोरी सरसर मागे आली. जोर निम्म्यावर आला. आलेख खरा होता. एका क्षणापुरतं खांबेट्यांना आपण कोणी निराळेच आहोत असं वाटलं.

"सोडा आता," हौशीराम म्हणाला.

"सोडता येत नाही," खांबेटे म्हणाले.

"का?"

"पान अकरा."

धनुष्यासोबतच्या पुस्तिकेत पान अकरावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, की बाणाशिवाय दोरी कदापि सोडू नये, धनुष्य फुटून जवळच्यांना इजा होईल. बाण पडवीत होता. तो लावायला कोणाचा हात मोकळा नव्हता. आणि दोरी हळूहळू पुढे न्यावी, तर मधे पुन्हा तो साठ पौंडांचा घाट होता, आता उताराचा. शिवाय एकोणतीस इंचांच्या ओढीत पंचवीस इंचांचा माणूस अडकला, की त्याचे खांदे कुठेच जात नाहीत. खांबेटे अंगणात दोरीवर वाळत घातल्यासारखे उभे राहिले. भिंतीवर माणसं जमली. शालनबाईंनी बशीत चहा ओतून त्यांच्या तोंडाशी धरला आणि त्यांनी तो घेतला, कारण दुसरं काही करण्याजोगं नव्हतं.

नेमकी तेव्हाच दुधाची रतनबाई आली. औंढ्याहून रोज सकाळी दोन किटल्या घेऊन चालत यायची. सहा फूट उंच, दारातून येताना वाकणारी. तिने किटल्या खाली ठेवल्या.

"काय वो भाऊ, उसण भरली व्हय?"

हौशीरामने थोडक्यात परिस्थिती सांगितली. रतनबाईने पदर खोचला. "सरका की सीतारामभाऊ. हं, ह्यो हात हितं. भाऊ, मी धरलीया, तुमी खालनं निगा."

खांबेटे तिच्या हाताखालून वाकून बाहेर आले, म्हणजे फारसं वाकावं लागलंच नाही. रतनबाई धनुष्य ताणून उभी होती, जणू कुणी तिला धुणं धरायला दिलं होतं. "आता ह्येचं काय करू?" तिने विचारलं. हळूच पुढे सोडा म्हटल्यावर तिने दोरी पुढे नेऊन ठेवली. कुठे हिसका नाही की आवाज नाही.

मग शालनबाई म्हणाल्या, "रतनबाई, पुन्हा एकदा ओढा बघू."

तिने ओढली. विहिरीचा पोहरा ओढावा तशी, एका दमात, आणि हात जिथे थांबला तिथे कप्प्याही थांबल्या. सीतारामच्या गळ्यात टेप होताच. तिने दोरी परत ठेवल्यावर त्याने तिला हात आडवे ताणायला लावून एका बोटापासून दुसऱ्या बोटापर्यंत माप घेतलं, टेप डोळ्यांजवळ नेला आणि पुन्हा घेतलं.

"साडेबाहत्तर," तो म्हणाला. "एका सुताचा फरक नाही."

मोळी टाकायला आलेल्या बारकूने मान हलवली. "कमठा ज्याचा त्याच्या मापाचा आसतोय, भाऊ. मी माजा कमठा माज्याच हातानं मापून तोडला. तुमी मानूस ठिवला बाजूला आन्‌ मापच वाढवीत बसला."

खांबेट्यांना ते लागलं. रात्री त्यांना जेवण गेलं नाही. अकरा वर्षं ज्या मंडळाचे ते सचिव, त्या मंडळाची अब्रू त्यांना खरोखरच प्यारी होती; ढाल यावी असं त्यांना मनातून वाटत होतं. पण मिशीही तेवढीच प्यारी होती. रतनबाईने बाण मारला तर ढाल येईल आणि मिशी जाईल. त्यांनी स्वतः मारायचं ठरवलं तर दोन्ही जातील. हे गणित त्यांनी तीनदा करून बघितलं, ह्या वेळी काही न वाढवता, आणि सकाळी दूध घ्यायला स्वतः दारात गेले.

रतनबाई हसायलाच लागली. मग म्हणाली, धन्याला विचारते. धनी रखमाजीने एकच चौकशी केली, की ढाल केवढी असते, म्हशीला आंबोण ठेवायला होईल का. होईल म्हटल्यावर परवानगी मिळाली. मंडळाचा सभासदच भाग घेऊ शकतो असा नियम होता, तेव्हा तिचा फॉर्म भरला. त्यात 'कोणता व्यायाम करता' असा रकाना होता.

"पाटंला चार म्हशी पिळायच्या," रतनबाई म्हणाली, "मंग किटल्या घिऊन औंढ्यावनं हितं चालत, मंग माघारी, मंग श्यान, मंग भारा. ह्येला तुमच्यात काय म्हंत्यात त्ये ल्हिवा."

खांबेट्यांनी विचार करून 'सर्व' असं लिहिलं.

महिनाभर रोज सकाळी वलवणच्या माळावर गवताने भरलेल्या पोत्यावर सराव झाला. नेम बारकूने शिकवला. बाणाकडं बगू नगंस, बाई, तो कुटं पळून जात न्हाई, जितं घालायचा तितं बग, एवढाच त्याचा धडा. खांबेटे बाण वेचून आणत आणि कुठला कुठे लागला ह्याची नोंद ठेवत. तिसऱ्या आठवड्यात नोंदी बघून त्यांना एकट्यालाच हसू फुटू लागलं.

राहिला ठराव सात. तो हौशीरामने सोडवला. "हात गळ्यात बांधा," तो म्हणाला. "सचिव जखमी, बदली खेळाडू. रेल्वेतसुद्धा ड्रायव्हर सिक झाला, की गाडीचा कोणी दोष धरत नाही." खांबेट्यांनी दोन दिवस नको नको म्हटलं. खोटं त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. पण हे लिहायचं नव्हतं, नुसतं गळ्यात घालायचं होतं, आणि आरशात मिशी दोन्ही बाजूंनी त्यांच्याकडे बघत होती. दसऱ्याच्या सकाळी शालनबाईंनी जुन्या उपरण्याची झोळी करून उजवा हात तीत घातला. गाठ त्यांनी गरजेपेक्षा जरा जास्तच घट्ट मारली.

वडगावला मैदान भरलं होतं. महिपतींनी झोळी बघितली, धनुष्य बघितलं, रतनबाई बघितली, आणि कुठून सुरुवात करावी हे त्यांना कळेना.

"हात कशानं मोडला म्हनायचा?"

"सरावात," खांबेटे जमिनीकडे बघत म्हणाले. हे अर्धं खरं होतं.

"आन्‌ धनुष्याला चाकं? ही तिरंदाजी हाय का बैलगाड्यांची शर्यत?"

पंच म्हणून एक निवृत्त ड्रिल मास्तर होते. त्यांनी नियमांचा कागद दोनदा वाचला. धनुष्य हाताने ओढलेलं असावं, एवढंच त्यात होतं. चाकांबद्दल चकार शब्द नव्हता, बायकांबद्दलही नव्हता. महिपतींनी मग हात वर केले. "मारू द्या बाईला. दसऱ्याचा दिस हाय."

प्रत्येक मंडळाला तीन बाण. तळेगावचे बावीस गुण झाले. रतनबाईचा पहिला बाण वाऱ्याने कडेला गेला, पाच गुण. लोक हसले. दुसरा आठाच्या वर्तुळात बसला आणि हसू थोडं कमी झालं. झाले तेरा. जिंकायला आता दहाच हवे होते, म्हणजे मधला तांबडा टिळा, त्याहून कमी काही उपयोगाचं नव्हतं. रतनबाईने एकदा मागे वळून बारकूकडे बघितलं. तो कनातीच्या खांबाला टेकून बिडी पेटवत होता. त्याने हनुवटीने समोर दाखवलं, जितं घालायचा तितं.

तिने ओढलं. कप्प्या फिरल्या. साठाचे तीस झाले. ती श्वास घेत उभी राहिली आणि मग दोरी सुटल्याचा फक्त एक ठप्प आवाज आला. बाण टिळ्यात होता.

त्यानंतर काय झालं ते खांबेट्यांना पुढेही कधी नीट आठवलं नाही. आठवणारे दुसरे पुष्कळ होते. सचिव मैदानात धावले. दोन्ही हात डोक्यावर नेऊन त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग टेबलावरची ढाल दोन्ही हातांनी उचलली, डोक्यावर घेतली आणि रतनबाईभोवती एक फेरी मारली. उपरण्याची झोळी गळ्यात रिकामी लोंबत होती आणि दर पावलाला छातीवर आपटत होती.

सगळे झोळीकडे बघताहेत हे दिसल्यावर त्यांना कळलं. हात अजून वर होते.

महिपती पुढे आले. त्यांनी झोळीचं टोक दोन बोटांत धरून बघितलं. मग ते हसले, आणि त्या हसण्यात वाईट असं काही नव्हतं. "ऱ्हाऊ द्या सेक्रेटरी. ढाल तर नेलीत. मिशीचं कोन इच्यारतंय."

खांबेट्यांनी ढाल रतनबाईच्या हातात दिली आणि झोळी काढून खिशात ठेवली. त्यांना लाज वाटत होती आणि त्याहून किती तरी जास्त आनंद होत होता, आणि दोन्ही एकदम झेपेनात. "महिपतराव," ते म्हणाले, "वहीत आहे ते."

मैदानाच्या कडेला पिंपळाखाली एक न्हावी पेटी घेऊन बसला होता. त्याने तीनदा विचारलं, नक्की ना. चौथ्यांदा विचारलं नाही. पाच मिनिटांचं काम. त्या रात्री इतिवृत्तात नोंद झाली, की ढाल श्रीमती रतनबाई, औंढे, ह्यांनी जिंकली, सचिवांच्या हातास कोणतीही इजा नव्हती, आणि ठराव क्रमांक सातची अंमलबजावणी सायंकाळी पाच वाजता पूर्ण झाली. शालनबाईंनी ती वाचली. मग त्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "ह्याच्याखाली इतका साधा माणूस होता, मला कुठे ठाऊक."

दुसऱ्या दिवशी सकाळी खांबेटे पातेलं घेऊन दारात गेले. रतनबाईने त्यांच्याकडे बघितलं, ओठ दाबले आणि किटली उतरवली. शेर भरून ओतला. रोज वर एक धार घालायची, तशी धार घातली. मग थांबली, पुन्हा माप बुडवलं आणि आणखी पाव शेर ओतलं.

"हे कशाचं?" खांबेट्यांनी विचारलं.

"घ्या वो भाऊ," रतनबाई म्हणाली. "वाढत्या मापाचं हाय. मिशी यायचीया अजून."